समुद्रावर भेटलेला लाखांदूरचा मास्तर

"ओ मॅडम! मागं पाहा न जी... पाणी चढून राहिलं!"

दीपमालाने मागे पाहिलंच नाही. ती नुसती थबकली. 'चढून राहिलं'? मालवणच्या अलीकडचा हा किनारा, पवनीतलं घर हजारभर किलोमीटर मागे राहिलेलं, सकाळपासून एकटीच भटकताना कानावर फक्त कोकणी हेल – आणि हे गावाकडचं 'राहिलं' इथे आलं कुठून?

काळ्या खडकावर तिने तिपाई रोवली होती. कॅमेऱ्याचा पडदा तीस सेकंद उघडा ठेवला होता. लाटा फोटोत धुक्यासारख्या उतरतात म्हणे. सूर्य बोटभर उरला होता. अशा वेळी हलायचं नसतं...

"मॅडम!"

मग तिने वळून पाहिलं. ज्या वाळूवरून ती मघाशी चालत आली, ती वाळू नव्हतीच. खडक आणि किनारा यांच्यामध्ये पाणी खळाळत होतं. त्या पाण्यात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाठीवर पिशवी लटकवून एक उंच, सावळा तरुण उभा होता आणि दोन्ही हात हलवत होता.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण तिच्या तोंडून निघालं भलतंच –

"तुम्ही कोणत्या गावचे जी?"

तो ओरडला, "अगोदर बाहेर निघा! गाव मंग सांगतो!"

"कॅमेरा धरा आधी!"

"तुम्ही या न! कॅमेरा कायले?"

"तो धरा, मंग मी येते!"

त्याने हात वर करून कॅमेरा धरला. तिपाई तिने काखेत मारली आणि पाण्यात पाय टाकला. पाणी मांडीपर्यंत होतं, पायाखालची वाळू सरकत होती. त्याने एक हात पुढे केला, दुसऱ्या हातात तिचा कॅमेरा डोक्यावर, देवळाच्या कळसासारखा. इतक्यात मागून एक मोठी लाट आली... दोघंही छातीपर्यंत भिजले. पण त्याचा वरचा हात जराही खाली आला नाही आणि खालच्या हाताने तिचा हात सोडला नाही.

कोरड्या वाळूवर बसल्यावर तो दम खात म्हणाला, "लाखांदूर."

"काय?"

"गाव इचारलं होतं न तुम्ही. लाखांदूर. तिथून आत एका खेड्यात शाळेवर आहो. अश्वजित मेश्राम."

दीपमाला हसायला लागली. हसता हसता तिचे दात वाजू लागले. "मी पवनीची. दीपमाला रामटेके."

"वा! म्हणजे तासाभराच्या बसवर राहून राहिलो आपण... अन् भेटाले समुद्र पाहिजे होता!"

"वैनगंगेत असं नाही होत," ती म्हणाली. "पाणी गेलं का गेलं. परत मागं येत नाही."

"समुद्र येते. मी सकाळीच एका मच्छीमाराले इचारून ठेवलं होतं, भरती कितीले. तुम्ही काहून नाही इचारलं?"

"लाजले," ती खरंच लाजून म्हणाली.

नागपूरच्या एका छायाचित्र मंडळाची ही सहल होती. दोन बस भरून माणसं आली होती. तो दुसऱ्या बसमध्ये होता. दीपमाला पवनीच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासायचं काम करायची. सुट्टी मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. आणि ती फक्त स्वतःसाठी आलीच नव्हती. धाकटा भाऊ संघपाल निघताना म्हणाला होता, "ताई, माया वाट्याचा समुद्र घेऊन ये." संघपालला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. दगदग झाली, थंडी लागली, पाणी कमी पडलं की त्याची हाडं अशी दुखायची की घरभर कोणी झोपायचं नाही. एवढा प्रवास त्याला झेपणारा नव्हता. कॅमेरा मात्र त्यानेच घेऊन दिला होता, मोबाईलच्या दुकानातल्या नोकरीच्या पहिल्या कमाईतून. म्हणून तर ती आधी कॅमेरा वाचवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे किनाऱ्यावर पांगले. अश्वजित मात्र हात खिशात घालून उभा.

"तुमचा कॅमेरा?" दीपमालाने विचारलं.

"झोपला आहे."

"कवा उठंल?"

"आता..." त्याने क्षितिजाकडे पाहिलं, "नाही उठत वाटते."

तेव्हा तिला उमगलं. काल त्याच्या पाठीवरची ती पिशवी! लाट आली तेव्हा तिचा कॅमेरा आभाळात होता आणि त्याचा पाण्याखाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नका जी," तो घाईघाईने म्हणाला, "इथलं पाणी अगोदरच लगित खारट आहे!"

ती रडता रडता हसली. मग तिने गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "एक फोटो माझा, एक तुमचा. पाळीपाळीनं."

"अन् तुमचा बिघडला माझ्या हातानं?"

"काल नाही बिघडला, आज काय बिघडंल?"

पुढचे दोन दिवस एकाच कॅमेऱ्यावर दोघांनी समुद्र काढला. तो खूप वेळ नुसता पाहत राहायचा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं... मग एकच कळ दाबायचा. ती एका मिनिटात वीस काढायची. "तुम्ही तर धान झोडून राहिले," तो चिडवायचा. "अन् तुम्ही धान पिकायची वाट पाहून राहिले," ती उत्तर द्यायची. हळूहळू तीही थांबायला शिकली. ओल्या वाळूत आभाळाचा रंग कसा उतरतो, मासेमारी होडी किनाऱ्याला लागताना बाया पदर कसा खोचतात, लाट परतल्यावर खेकड्यांची नक्षी किती वेळ टिकते – हे सगळं ती त्याच्या शेजारी उभी राहून पाहायला लागली. त्याच्या बाहीला तिची ओढणी लागायची. दोघंही ती बाजूला करायचे नाहीत.

परतीच्या दिवशी बस सुटताना तो खिडकीशी आला. म्हणाला, "अर्धे फोटो माझे आहेत त्यात. घ्यायले येईन."

"पाठवून देईन न मी मोबाईलवर."

"नाही... नाही जी. तसे बारीक दिसतात."

घरी आल्यावर संघपालने फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. पहिल्याच फोटोवर त्याचा हात थांबला. दीपमालाला वाटलं, याला वाईट वाटतंय. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, केवढा आहे गं! मी समजलो होतो, आपल्या धरणाएवढा असंल." मग एका फोटोवर बोट ठेवून – "हा तू नाही काढला."

"कशावरून?"

"तुया फोटोत समुद्राची रेघ तिरपी राहते. ही सरळ आहे. अन् ह्या सरळ रेघवाल्या सगळ्या फोटोंत कोपऱ्यात तुयी ओढणी कायले आहे?"

दीपमाला पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही.

अश्वजित पहिल्याच रविवारी लाखांदूरच्या बसने आला. मग त्याच्या पुढच्याही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून दोघं वैनगंगेचे फोटो काढायचे, एकाच कॅमेऱ्यावर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. शाळेतल्या पोरांना त्याने समुद्राची गोष्ट सांगितली होती. "पण लाट आली तवा हात कोणाचा धरला होता, ते नाही सांगितलं," तो म्हणायचा. फेब्रुवारी सरत आला, पाणी उतरून वाळूचे पट्टे उघडे पडले. अशा एका संध्याकाळी तो बोलता बोलता थांबला. कॅमेरा मांडीवर ठेवला. घसा खाकरला.

"दीपमाला... मले तुले एक..."

"थांब," ती पटकन म्हणाली. "आधी मी बोलते. मंग तुले वाटलं तर बोल."

आणि तिने सांगितलं. संघपालचा आजार आईबाबा दोघांकडून आलेला. ते दोघं वाहक, तीही वाहक. तिला स्वतःला काही होत नाही, कधी होणारही नाही. पण नवराही वाहक निघाला तर मुलाच्या वाट्याला तो आजार येऊ शकतो. "भावाच्या रात्री मी पाहिल्या आहेत. ते दुखणं मी माया हातानं कोणाले देणार नाही. मागच्या साली एक स्थळ आलं होतं. मी म्हटलं, मुलाची तपासणी करून घ्या. तर उठून गेले. म्हणे, मुलगी आमच्या मुलाचं रक्त मागते!"

ती हसायचा प्रयत्न करत होती. तो हसला नाही. नदीकडे पाहत बसला. पुलावरून बस येताना दिसली, तसा उठला.

"येतो," एवढंच म्हणाला.

त्या रात्री संदेश नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. रविवार आला, बस आली. त्यातून तो उतरला नाही. हे दीपमालाने बसथांब्यावर जाऊन पाहिलं, आणि 'मी काही बघायला आले नव्हते' असं स्वतःला सांगत परतली.

संघपाल म्हणाला, "ताई, मायामुळं..."

"येडा आहेस का?" ती त्याच्यावर डाफरली. मग त्याच्या शेजारी बसली. संगणकावर ते फोटो लावले. सरळ रेघांचे, तिरप्या रेघांचे. राग यायला हवा होता, पण येईना. पंचवीस वर्षांत तिने कुणासाठी थांबून काही पाहिलं नव्हतं. सुई, काचपट्टी, नळी, पुढचा रुग्ण, असंच आयुष्य पळत होतं. तिला उभं राहून पाहायला एका माणसाने शिकवलं, आपला कॅमेरा बुडवून. तो पुन्हा आला नाही तरी ते तिच्यापाशी राहणारच होतं. भावाने समुद्र पाहिला होता. तिने प्रेम... हो, प्रेमच. ते तिला दोन महिने मिळालं होतं. 'लय दिलंस,' ती मनात म्हणाली. कुणाला म्हणाली, समुद्राला की त्याला, तिचं तिलाच ठाऊक.

मंगळवारी सकाळी तपासणीच्या खोलीपुढे नेहमीची रांग होती. दारावर मंगलाबाई नंबर पुकारत होत्या. त्या या खोलीच्या जुन्या मदतनीस, आवाज असा की नदीपलीकडे जावा.

"त्रेचाळीस!"

दीपमालाने मान वर न करता चिठ्ठी घेतली. 'सिकलसेल तपासणी.' खाली नाव – अश्वजित मेश्राम, वय एकोणतीस.

समोर तो उभा होता. चेहरा पांढराफटक.

"बसा," ती म्हणाली. आवाज कापू नये म्हणून तिने 'तुम्ही'चा आधार घेतला.

"सुई मोठी आहे का जी?" त्याने विचारलं.

"बोटालेच टोचते. मुंगी चावल्यावानी."

"मी शाळेत पोट्ट्याइले इंजेक्शन देतात तवा बाहेर जाऊन उभा राहतो."

"समुद्रात तर शिरला होता."

"तिथं सुई नव्हती न."

तिने बोट टोचलं. त्याने डोळे घट्ट मिटले. दोन थेंब तिने नळीतल्या द्रावणात सोडले, हलवले, नळी समोरच्या खाचेत उभी केली. मागे काळ्या रेघांचा कागद होता. पाच मिनिटं थांबायचं. द्रावण गढूळलं, रेघा झाकल्या गेल्या तर वाहक. रेघा दिसत राहिल्या तर नाही. आजवर हजारो वेळा ती या पाच मिनिटांत दुसरं काम उरकायची. आज तिने त्याच्या बोटावर कापूस दाबून धरला आणि तशीच बसून राहिली.

"नऊ दिवस एक अक्षर नाही," ती नळीकडे पाहत हळूच म्हणाली.

"काय लिहू सांग न? 'मले चालते' म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं. माया हातात होतं का ते? रक्तात काय आहे तेच मले माहीत नव्हतं." तो थांबला. "अन् खरं सांगू... दोनदा आलो होतो. गेटपासून परत गेलो. एकदा सुईले भेऊन. एकदा ह्या नळीले भेऊन."

"अन् आज?"

"आज वाटलं, तुले तिथं खडकावर उभी ठेवून मी किनाऱ्यावरूनच पाहून राहिलो आहो. हे काही बरं नाही."

तिने कापूस आणखी घट्ट दाबला. "अन् वाहक निघालास तर?"

"तर तुले नमस्कार करीन अन् बस धरीन. तुया शब्दाच्या आड नाही येणार." त्याने मान खाली घातली. "बसमध्ये रडीन मात्र. कंडक्टरले सांगीन, डोळ्यात कचरा गेला."

घड्याळात एक मिनिट उरलं होतं. बाहेर कुणीतरी खोकलं. मंगलाबाई कुणाला तरी रांग मोडू नको म्हणून दरडावत होत्या. दीपमालाची नजर घड्याळावर होती; नळीकडे पाहायची पहिल्यांदाच तिला हिंमत होत नव्हती. वेळ संपली तशी तिने एका हाताने नळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली.

रेघा दिसत होत्या. एक, दोन, तीन... सगळ्या. काळ्याभोर, सरळ.

तिने मंगलाबाईंना हाक मारली. "जरा पाहा न. मायाच्यानं आज धड दिसून नाही राहिलं."

मंगलाबाईंनी चष्मा सावरला, नळीकडे पाहिलं, मग अश्वजितकडे, मग दीपमालाच्या डोळ्यांकडे. "स्वच्छ आहे वं. काही नाही ह्याले. तू काहून रडून राहिली?" उत्तराची वाट न पाहता त्या दाराकडे वळल्या आणि जाता जाता पडदा ओढून घेतला.

अश्वजित पुढे सरकला. "आता... त्या दिवशी अर्धं राहिलं होतं ते बोलू का?"

"बोल."

"मले तुयासोबत राहायचं आहे. जन्मभर. फोटो तिरपे निघाले तरी चालतील."

दीपमाला मान हलवून 'हो' म्हणाली. नुसती हसत राहिली, गालांवरून पाणी ओघळू देत.

"चव्वेचाळीस!" बाहेर मंगलाबाईंचा आवाज घुमला, पण पडदा काही सरकला नाही.

अश्वजितने आपल्या बोटाकडे पाहिलं. कापूस अजून तिच्या मुठीत होता आणि त्याचं बोटही.

"रक्त कवाचंच थांबलं जी," तो कुजबुजला.

"माहीत आहे मले," ती म्हणाली, आणि तिने हात सोडला नाही.