काळ्या तलंगीची पिसं

"सोमवारी मला गावाबाहेर काढणार हायेत," सत्यशीला म्हणाली. "जमत नसंल तर आत्ताच सांगा. माझी एस.टी. चुकंल."

अंबाजोगाईत वकिलांसाठी तपासाची कामं करणाऱ्या धर्मराजनं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. त्याचा जोडीदार आसाराम वही उघडून बाईकडं बघत राहिला. धारूरच्या घाटाखालच्या वाडीत एकटीच राहणारी विधवा, अन् बोलणं म्हणजे नुसता विस्तव. त्याला ती मुळीच आवडली नाही.

हकिकत एवढीच होती. दसऱ्यापासून शेजारच्या छबुबाईच्या कोंबड्यांची पिसं झडत होती. गुरुवारी सकाळी सत्यशीलाच्या उंबऱ्याशी हळदकुंकू लावलेली कापडाची पुरचुंडी सापडली. गावानं निकाल लावून टाकला, बाईनं करणी केली.

"छबुनं भर रस्त्यात माझे केस धरले," ती म्हणाली. "सगळे बघत होते."

शनिवारी दोघं वाडीत पोचले, तेव्हा त्यांच्या राजदूत मोटारसायकलवर पहिलं ढेकूळ वेशीतच येऊन आदळलं.

पोलीस पाटील आप्पाराव यांनी चावडीतली लोखंडी पेटी दाखवली. "छबुबाईनं हाक मारली, मी धावत गेलो. वरनं चाचपली, आत पिसं लागली. गाठीवर लाख लावून कुलपात ठिवली. उघडायची कुणाची छाती न्हाई."

"तुम्हीही उघडली नाही?"

"मला बी लेकरंबाळं हायेत."

छबुबाईच्या परसात आठ तांबड्या कोंबड्या अंग चोरून उभ्या होत्या. मानेवर, पाठीवर कातडी उघडी. तिच्यात नव्या पिसांचे काट्यांसारखे कोंब. एक काळी तलंग, वर्षाच्या आतली कोवळी कोंबडी, तीही शेपटीकडं उघडी होती, पण तिथं कोंब नव्हते, लाल वळ होते.

"या किती दिवसांच्या?" धर्मराजनं विचारलं.

"तांबड्या दीड वर्साच्या. सुधारित जात, आष्टीच्या बाजारातनं आणल्या. काळी घरचीच, माघात निघालेली." छबुबाईनं कुंपणापलीकडं थुंकून घेतलं. "गावठीची पिसं थोडी थोडी झडत्यात. अशी नागडी होत न्हाईत. त्या चेटकिणीनं बसल्या जागी खाल्ल्या!"

"अंडी?"

"तांबड्यांची बंदच झाली. काळी तेवढी कालपतुर देत हुती."

"खुराडं कोण झाकतं?"

"मी, न्हाईतर दीर."

दीर राधाकिशन भिंतीला टेकवलेल्या नव्या कोऱ्या पाटीपाशी उभा होता. पाटीवर एस.टी.डी. अशी ठळक अक्षरं होती.

"तू कोण बे?" तो आसारामवर गुरकावला. "त्या बाईचा वकील?"

"बूथ कुठं टाकताय?" धर्मराजनं शांतपणे विचारलं.

"रस्त्यावर. जागा मोकळी व्हायलीय." त्यानं सत्यशीलाच्या घराकडं हनुवटी उडवली. "काळ्या तलंगीची पिसं पुरचुंडीत बांधती अन् वर तपास लावती! चला, निघा."

परतताना आसाराम म्हणाला, "मला तर बाईच खरी गुन्हेगार वाटते. तोंड बघितलं ना तिचं?"

"तोंड वाईट आहे," धर्मराज म्हणाला. "बाकी काही नाही."

सोमवारी चावडीपुढं सगळी वाडी जमली. सत्यशीला एका बाजूला एकटीच उभी होती. धर्मराजनं सगळ्यांना पुरचुंडीवरची लाख दाखवली, ती फोडली अन् गाठ सोडली. आतून काळी पिसं निघाली. नुसती काळी.

"हे बघा," त्यानं एक पीस उंच धरलं. "देठाच्या टोकाला रक्त वाळलंय. आणि हे तांबडं, छबुबाईंच्या परसात पडलेलं. टोक पांढरं, स्वच्छ. हे आपोआप गळलंय, काळं उपटलंय."

गर्दी पिसं बघायला पुढं सरकली.

"दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी जुनी पिसं टाकते. दीड वर्षाची झाली की पहिल्यांदा, आणि सुधारित जात एकदमच टाकते. तेवढे दिवस अंडी बंद. नवे कोंब तुम्हालाही दिसतील. यात करणी कुठली? पण माघातली तलंग पहिल्या वर्षी अशी उघडी पडत नाही. शिवाय ती अंडी देत होती. म्हणजे तिची पिसं झडली नाहीत, कुणीतरी ओढली."

"त्या बाईनंच वढली असत्याल!" राधाकिशन ओरडला.

"पुरचुंडी आत्ता उघडली. आत काळी पिसं आहेत, हे तुम्हाला शनिवारीच कसं कळलं?"

"अंदाज..."

"आठ तांबड्या नागड्या असताना अंदाज काळीचा?" धर्मराजचा आवाज चढला. "तांबड्यांची पिसं आयती पडली होती. पण तुम्हाला घाई होती अन् अंधारात हाताला लागली ती कोंबडी धरली. तुम्हाला रस्त्यावरची जागा हवी होती."

छबुबाई दिराकडं वळली. "बुधवारी सांजच्याला खुराडं तुमीच झाकलं. तलंग वरडली तवा म्या इचारलं. मुंगूस आलतं म्हणलात."

राधाकिशन धर्मराजच्या अंगावर धावला. आप्पारावांनी त्याची कॉलर धरली, तेव्हा तो मान खाली घालून शिव्या देत राहिला. आसारामनं वहीत बघितलं. पुरचुंडी कुणी उघडली नाही, काळी अंडी देत होती, राधाकिशन काळ्या पिसांचं बोलला, ही तिन्ही वाक्यं शनिवारपासून त्याच्याच अक्षरात होती. त्याला बाईकडं बघवेना.

लोक पांगू लागले. कुणी सत्यशीलाशी बोललं नाही. छबुबाईही पदर सावरून निघाली.

"थांब," सत्यशीला म्हणाली. "चेटकीण म्हणताना आवाज मोठा होता तुझा. आता न्हाई म्हण."

"झालं ते झालं की बाई..."

"म्हण."

छबुबाई जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटली.

"मला ऐकू आलं," सत्यशीला म्हणाली. "त्यांना न्हाई आलं."

जाणारी माणसं थांबली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. अन् या खेपेला छबुबाईनं मान वर करून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं.