पांढरीची मान

रोप न्यायला आलात ना? मग बसा थोडं. पुतणी कारखान्यातून पाचला येते, आणि तिला विचारल्याशिवाय बागेतलं पानही तोडायची मला मुभा नाही. ती खुर्ची जरा माझ्यासमोर ओढून घ्या. बाजूला नको, समोर. माझ्याकडे पाठ करून कोणी बसलं की हल्ली मला बोलायला जमत नाही.

खिडकीतून दिसतंय तेच ते झुडूप. उंच झाडांच्या सावलीत, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. इथल्याच रानातलं आहे, बारा महिने हिरवं. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे; माझा मोठा भाऊ त्याला ‘पांढरी’ म्हणायचा. दादा सदतीस वर्षं सार्वजनिक बागेत माळी होता. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या झाडीतच स्वतःची बाग केली. मीही निवृत्त झालो, एकटाच होतो, आणि त्याच्याकडे राहायला आलो.

पांढरी वाढवणं सोपं आहे. उन्हाची तिरीप चालते, ऊन चालत नाही. मुळं उथळ, चटईसारखी पसरलेली, म्हणून भोवती खुरपं घालायचं नाही. गळलेली पानं कुजवून अंथरायची. पुढच्या वर्षीच्या कळ्या ती आधीच धरून ठेवते, तेव्हा छाटणी करायची तर फुलं सरताच. कडक थंडी पडली की तिची पानं नळीसारखी वळतात आणि खाली लोंबतात. पहिल्यांदा पाहिलं तर मुठी आवळल्यासारखी वाटतात. घाबरायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मान. खोड जिथे मातीतून वर येतं, त्या जागेला दादा मान म्हणायचा. ती मातीखाली गेली की झाड गुदमरतं. लगेच कळत नाही. दोन वर्षं हिरवं दिसत राहतं आणि आतून मरत जातं.

मी भाषेचा माणूस. चाळीस वर्षं व्याकरण आणि उच्चारशास्त्र शिकवलं. दादा सातवीत शाळा सोडलेला. तो मला ‘पंडित’ म्हणायचा, आणि त्या शब्दात कौतुक कधीच नव्हतं. मी लावलेलं रोप हमखास मरायचं. मग पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, “पंडित, तू पुस्तकंच पुर. निदान वाळवीचं पोट भरेल.” पाहुणे हसायचे. मीही हसायचो. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. की तसंच सांगतोय? मला ठरवता येत नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली आणि वाचा गेली. चारच शब्द उरले: पाणी, नको, पंडित आणि मान. पुतणीचा पिशव्या शिवायचा छोटा कारखाना आहे. तिने बापाच्या चाकाच्या खुर्चीसाठी जाड कापडाचा पट्टा शिवला. दोन बोटं रुंद, टोकाला पाच भोकं, प्रत्येक भोकाला पितळी कडी. काखेखालून छातीवर बांधायचा. ती दिवसभर कामावर, तेव्हा दुपारी त्याला सांभाळायचं काम माझं. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, “काका, ते घसरतात. घसरले की पट्टा गळ्याशी येतो. त्यांच्याकडे पाठ करू नका.”

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारच होती, अशीच. झाडांखाली गारवा आणि कुजलेल्या पानांचा गोडसर वास. मी दादाची खुर्ची पायवाटेवर उभी केली आणि त्याच्यासमोरच पांढरीचं नवं रोप लावायला बसलो. एक तरी रोप माझ्या हाताने जगावं, आणि ते त्याला बघायला लागावं, एवढीच माझी इच्छा होती. खड्ड्यावर वाकलो. पाठ त्याच्याकडे झाली.

मागून तो म्हणाला, “मान.”

मी रोप दोन बोटं वर उचललं. माती लोटली.

“मान...”

आता बघा, हा एकटा शब्द. गळ्याची मान स्त्रीलिंगी, आदराचा मान पुल्लिंगी. पण शेजारी क्रियापद असल्याशिवाय लिंग कळत नाही, आणि दादाकडे क्रियापदं उरली नव्हती. मला वाटलं, वाचा गेली तरी हा माझ्या चुका काढतोच आहे. रोपाची मान अगदी उघडी होती. माझी काही चूक नव्हती. माझ्या कानशिलांत रक्त चढलं.

“पंडित... मान...”

“दिसतेय मला,” मी म्हणालो. आणि मुद्दाम, त्याला दिसेल अशी, दोन ओंजळी माती त्या मानेवर ओतली. तळव्याने दाबली. पुन्हा दाबली.

तो गप्प झाला. त्या शांततेचा मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो. मी सावकाश पानं अंथरली, झारीने पाणी घातलं, हात धुतले. मग वळलो.

तो खुर्चीत खाली घसरला होता. पट्टा हनुवटीखाली होता.

मला कळलं नव्हतं, असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. पण गळा मोकळा असताना ‘आ’ कसा वाजतो आणि दाबलेला असताना कसा, हे मी चाळीस वर्षं पोरांना म्हणून दाखवत होतो. दुसऱ्या वेळचा त्याचा ‘आ’ तोंडात पोचलाच नव्हता. तो नाकातून आला होता. ते मी ऐकलं. ऐकून काय समजलो, याचं उत्तर मात्र दर वेळी वेगळं येतं.

पट्टा मी खाली ओढून नीट बसवला. पुतणी आली तेव्हा म्हणालो, झोपेतच गेला. ती रडली, मग तिने विचारलं, “शेवटचं काही बोलले का हो?”

काहीतरी द्यावंसं वाटलं तिला. म्हणालो, “झोपण्याआधी पांढरीकडे बघून ‘मान’ म्हणाला. ती मोकळी ठेवा, एवढंच सांगायचं असणार.”

तिने ते बापाची शेवटची इच्छा म्हणून धरलं. रोज सकाळी कामाला जाण्याआधी ती त्या रोपाशी बसायची आणि मानेभोवतीची माती बोटांनी काढायची. दुसऱ्या दिवशी माती पुन्हा चढलेली असायची. दाबलेली, गुळगुळीत. “काका, रात्री कोण चढवतं हो?” ती विचारायची. मी उंदीर म्हणालो, पाखरं म्हणालो. तिने भोवती जाळी लावली, तरी माती चढायची. अशा झाडाने खरं तर मरायला हवं होतं. ते माझ्या उंचीचं झालं.

गेल्या थंडीत तिने एकदा माती जरा खोलवर काढली आणि मला हाक मारली. तेव्हा मी काठी टेकत चालत होतो. मानेच्या सालीवर एक पट्टा उमटला होता. आत आवळत गेलेला. त्यात ओळीने पाच वाटोळे खळगे होते. पुतणीने खिशातून मापाची फीत काढली. पट्ट्याची रुंदी मोजली, मग दोन खळग्यांमधलं अंतर. खुर्चीचा पट्टा तिने स्वतःच्या हाताने शिवला होता, तिला मोजायची गरज नव्हती. तरी दोनदा मोजलं. माझ्याकडे बघितलं नाही. फीत गुंडाळून कामावर गेली.

महिन्याभरात माझे पाय गेले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. पुतणीने माळ्यावरून दादाची खुर्ची काढली, पुसली, आणि तोच पट्टा माझ्या छातीवर बांधला. “घसरू नका हं, काका,” म्हणाली. ती माझं सगळं नीट करते. जेवू घालते, दाढी करते. तक्रारीला जागा नाही.

गेल्या सोमवारी तिला सुट्टी होती. दुपारी तिने मला बागेत नेलं, पायवाटेवर उभं केलं आणि पांढरीपाशी वाकून माती काढू लागली. पाठ माझ्याकडे. थंडी नव्हती, तरी सगळी पानं नळीसारखी वळून खाली लोंबत होती. मी घसरायला लागलो. हातांनी धरून बघितलं... हातांत जोर नव्हता. पट्टा काखेतून वर आला, गळ्याशी लागला. मला कितीतरी शब्द येतात हो. त्या वेळी एकच आला.

“मान...”

ती वळली नाही. माती काढणारा हात थांबला, आणि तळव्याने ती माती पुन्हा दाबू लागला.

“दिसतेय मला,” ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तिथे दादा होता, मी होतो आणि ते रोप होतं. चौथं कोणी नव्हतं. ते दोन शब्द मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत. आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

बऱ्याच वेळाने ती उठली. मला काखेत धरून वर घेतलं, पट्टा सारखा केला, चेहरा पुसला. काही झालंच नाही अशी. तिला विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं तर मलाही सांगावं लागेल, आणि मग मला बघायला या घरात कोण राहील?

फाटक वाजलं का? आली वाटतं. रोप द्यायला ती नाही म्हणणार नाही, सगळ्यांना देते. फक्त जाण्याआधी एवढं करा, माझी कॉलर जरा उघडून बघा. मला मान वळवता येत नाही. माती आहे ना? ओली, कुजलेल्या पानांची?

सोमवारपासून मी या खोलीबाहेर गेलेलो नाही. सकाळीच तिने सगळी झटकली होती. रोज झटकते, आणि विचारते, “काका, रात्री कोण चढवतं हो?”

कुठवर आलीय? काल कानाच्या पाळीखाली होती.