तुरंग चूर्णाचं शून्य

सहाही देहपट्ट्यांवर तुरंग चूर्ण घालून झालं आणि सहाही पडद्यांवर शून्य उमटलं. डॉ. अच्युत निरखे यांनी चष्मा काढून डोळे चोळले. पुरुषांच्या जोमाची चूर्णं, काढे आणि पाक तपासण्यात त्यांची नोकरीतली उमेदीची वर्षं गेली होती. डब्यांवरचे उधळलेले घोडे पाहून पाहून त्यांना आता लग्नाच्या वरातीतल्या घोड्याचासुद्धा वीट आला होता.

"शुद्ध झाडपाला," ते म्हणाले. "गुण नाही, अपायही नाही. दाखला देऊन टाकू."

पेशीविभागाच्या डॉ. वाहिदा मुजावर पडद्यापुढून हलल्या नाहीत. "तिघं गेलेत सर. तिघंही हृदयाचे रुग्ण आणि तिघांच्याही उशाशी हाच डबा होता."

"हृदयाचे रुग्ण चूर्णाशिवायही जातात, वाहिदा."

बोलून गेले खरे, पण त्यांना दादाची आठवण झाली. त्यांचे थोरले बंधू मुकुंददादा साठी ओलांडून, वहिनींच्या मागे इतकी वर्षं एकट्याने काढून, आता कुमुदताईंशी लग्न करणार होते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दादाच्या खिशात कायम असत. सकाळीच त्याचा फोन आला होता. "हसू नकोस हं," म्हणाला होता, "पण ते तुरंग चूर्ण बरं असतं का रे? तू पास केलंस तरच घेईन. नाहीतर आपलं आहे ते आहे." दादा हा असाच. साधा कुकर घेतानाही तो आधी सरकारी शिक्का शोधायचा.

मिरजेच्या या प्रयोगशाळेचा शिक्का असा बोलून चालून दादासारख्यांसाठीच होता. पूर्वी चूर्णांची तपासणी रासायनिक यंत्रांवर व्हायची. भेसळ करणारे मात्र डोकेबाज. पुरुषांना ताठरता देणाऱ्या औषधाचा रेणू किंचित बदलून ते चूर्णात मिसळत आणि यंत्राच्या यादीत नसलेला रेणू खुशाल पार होई. म्हणून देहपट्टी आली. तळहाताएवढ्या काचेत दात्याच्या रक्तपेशींपासून हृदयाचा धडधडता कण, यकृताचा तुकडा आणि धमन्यांचं जाळं वाढवायचं, दर आठवड्याला त्याच दात्याचं ताजं रक्तद्रव तिला पाजायचं. पट्टीला रेणूचं नावगाव ठाऊक नसलं तरी चालतं, औषधाने धमन्या सैल पडल्या की ती दाखवते. शिवाय पट्टीला मन नसतं. डब्यावरच्या घोड्याने तिच्या अंगात जोम येत नाही.

"सर, मला हे शून्यच खटकतंय," वाहिदा म्हणाल्या. "अश्वगंधेनेसुद्धा यकृत थोडं कुरकुरतं. मागे आपण साखरेचं पाणी घातलं तेव्हाही आकडा जरासा हलला होता. आणि इथे धमन्यांवर कणभरही फरक नाही?"

"बरं आहे की. शुद्ध आहे चूर्ण."

"ओल्या फडक्यावर पाणी ओतलं तरी फरक दिसत नाही, सर." त्यांनी दुसरा आलेख उघडला. "यंत्र दर वेळी पट्टीची त्या दिवशीची स्थिती म्हणजे शून्य धरतं आणि चूर्णानंतरचा फरक तेवढा सांगतं. मी ती आधीची स्थिती काढली. हे बघा. चूर्ण घालण्याआधीच धमन्या सैल होत्या. सहाच्या सहा. गेल्या वर्षी अशा नव्हत्या."

"पट्ट्या जुन्या झाल्या असतील."

"पट्ट्या ठणठणीत आहेत. त्यांना आपण जे पाजतो त्यातच काहीतरी आहे."

पट्ट्यांना पाजलं जाई ते दात्यांचं रक्तद्रव. या असल्या तपासणीसाठी बाहेरचा एकही पुरुष रक्त द्यायला धजत नसे, नाव फुटेल म्हणून. शेवटी प्रयोगशाळेतल्याच सहा पुरुषांनी रक्त दिलं होतं. चौथी पट्टी खुद्द निरख्यांची होती.

"रक्त काढताना मी प्रत्येकाला विचारते," वाहिदा म्हणाल्या, "काही औषध चालू आहे का? सगळे नाही म्हणतात. तुम्हीसुद्धा."

"खोटं नाही बोललो आम्ही." निरख्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चूर्णाला औषध कोण म्हणतं? झाडपाला तो." मग त्यांनी खिडकीकडे बघत सांगून टाकलं. "मी रोज घेतो. दुधातून. बरेच महिने झाले."

वाहिदा हसल्या नाहीत, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. मघाशी पडद्यावर शून्य आलं तेव्हा ते मनातून खट्टू झाले होते. म्हणजे परत आलेला तो जोम म्हणजे नुसता मनाचा खेळ, असं त्यांना वाटलं होतं. आता कळत होतं की तो मनाचाही नव्हता. कुणीतरी चोरून मिसळलेल्या गोळीचा होता. या वयात लाजायचं तरी किती, असं वाटून ते खुर्चीत मागे रेलले.

दुपारपर्यंत वाहिदांनी बाकी पाच जणांना बाजूला घेऊन विचारलं. पाचही जण घेत होते. एकाने तर गुडघ्यांसाठी घेतो म्हणून सांगितलं.

"म्हणजे आपण या चूर्णाची त्याच चूर्णाशी तुलना करत होतो," निरखे म्हणाले.

"हो. आता हे कधीच न घेतलेला माणूस हवा. त्या तिघांसारखा हृदयाचा रुग्ण मिळाला तर फारच उत्तम. जिभेखालची गोळीसुद्धा धमन्या सैल करते. दोन्ही एकत्र झाल्यावर काय होतं ते दिसेल. त्याशिवाय कंपनी आपलं ऐकणार नाही, डबा दुकानातच राहील."

निरख्यांना असा एकच माणूस माहीत होता. सगळं गाव खात असताना त्यांच्या शिक्क्याची वाट बघत थांबलेला.

दादा त्याच संध्याकाळी येऊन रक्त देऊन गेला. पट्टी वाढायला आठवडा लागला. ती तयार झाल्याचं कळताच तो पुन्हा आला आणि पडद्यासमोरच्या स्टुलावर लहान मुलासारखा उत्सुकतेने बसला. पडद्यावर हृदयाचा कण शांतपणे धडधडत होता. वाहिदांनी चूर्णाचा थेंब सोडला. धमन्या लगेच सैल पडल्या. या वेळी शून्य आलं नाही. मग त्यांनी जिभेखालच्या गोळीचं पाणी सोडलं. धमन्यांतला दाब घसरत घसरत पार तळाला गेला, हृदयापर्यंत रक्तद्रव पोचेना. कण दोनचार वेळा अडखळला आणि थांबला.

वाहिदांनी आकडा टिपून घेतला आणि त्या पाठ करून हात धुवायला गेल्या.

"माझंच ना रे हे?" दादाने विचारलं.

"तुझंच, दादा."

दादाने नकळत खिशावर हात ठेवला. गोळ्यांचं पाकीट तिथेच होतं. "आणि तू पास म्हणाला असतास तर?"

"त्या दिवशी मी दाखल्यावर सही करणारच होतो. वाहिदाने अडवलं."

दादाने धाकट्या भावाच्या गुडघ्यावर थोपटलं आणि सावकाश उठला.

"चल. कुमुद बाहेर बाकावर बसली आहे. रिकामी पिशवीसुद्धा आणली आहे तिने, पास झालं तर जाताना दुकानातून डबा घ्यायचा म्हणून."

"तिला काय सांगू मी?"

"तू नको सांगूस. मीच सांगतो," दादा म्हणाला. "आपलं आहे ते आहे."