जुन्या वळणाची गिटार

दुकानदारकाकांनी गिटारच्या पेटीचं झाकण उघडलं आणि दोन हात एकाच वेळी आत गेले. एक माझा. आणि दुसरा... दुसरा कुणाचा ते बघायला मी मान वर केली.

उंच, सावळा, कपाळावर ग्रीसचा पुसट डाग, शर्टाच्या खिशात टेस्टर. आणि डोळे असे, की चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघणारी मी क्षणभर पेटीकडे बघायचं विसरले. क्षणभरच हं!

"हात काढा. माझी आहे ती," मी म्हणाले.

"गंमत आहे," तो म्हणाला. "माझीपण आहे."

आम्ही दोघांनी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं.

"झालं असं की..." ते डोकं खाजवत म्हणाले, "पोरी, तुला शब्द दिला मी. ह्याला शब्द दिला तुझ्या काकूनं. आणि माल आला एकच. पुढचा कधी येईल, देवाला ठाऊक."

त्या एका गिटारसाठी मी कधीपासून डोळ्यांत प्राण आणून बसले होते! चार जाड तारांची बेस गिटार, पण अगदी जुन्या वळणाची. सायीच्या रंगाचं अंग, त्यावर कासवाच्या पाठीसारख्या नक्षीची तांबूस पट्टी, मोठी गोल बटणं. आजोबांच्या तरुणपणी गाजलेल्या गिटारींचं रूप, आणि माझ्या पगाराला झेपेल अशी. कंपनीनं फोटो टाकला त्या दिवसापासून तो माझ्या फोनच्या पडद्यावर होता. वहिनी म्हणायची, "लोक नवऱ्याचा फोटो लावतात, आमची ही लाकडाचा लावते."

आणि मला ती नुसती हौसेसाठी नको होती. वहिनी गाते, माझी नर्स मैत्रीण ड्रम वाजवते. तिला आम्ही 'धडाम' म्हणतो. पूर्वी बेस आमचा 'उस्ताद' वाजवायचा. त्याच्याच गिटारवर मी हात बसवला. मग उस्ताद मोठ्या ग्रुपमध्ये गेला, आणि जाताना म्हणाला, "तुमचं गाणं आता अळणी होणार." नगर सभागृहातली स्पर्धा तोंडावर आली होती. जिंकणाऱ्या ग्रुपला तिथे वर्षभर दर महिन्याला कार्यक्रम मिळणार होता. आणि आमच्याकडे बेसच नव्हती. हे सगळं मी त्याला एका दमात सुनावलं.

"आधी वाजवून तर बघा," तो म्हणाला.

मी गिटार गळ्यात अडकवली, वायर जोडली, आणि... भुंऽऽऽ! मधमाश्यांचं पोळंच फुटलं जणू. मानेवरच्या धातूच्या पडद्यांची टोकं बोटांना टोचत होती. एक खुंटी पिळली की दुसरी सैल पडत होती. माझा चेहरा इतका उतरला की काकांनी खुर्ची पुढे सरकवली.

त्यानं मात्र गिटार हातात घेतली, मागून पुढून निरखली, कानाशी धरून टकटक केलं आणि चक्क खूश झाला.

"लाकूड झकास आहे. बिघडलेली नाही हो ही. अर्धवट राहिलीये. एवढ्या किमतीत आणखी काय देणार बिचारे कंपनीवाले! बाकीचं आपण करायचं."

"आपण?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. तारा, मोटारी, भुणभुण, हेच माझं रोजचं. आणि मला ही वाजवायला जितकी हवीये ना, त्याहून जास्त उघडायला हवीये." त्यानं गिटार अलगद माझ्या मांडीवर ठेवली. "अर्धी तुमची, अर्धी माझी. स्पर्धेपर्यंत तुम्ही वाजवा. रविवारी मी येऊन काम करीन. नंतर कुणाची ते... नंतर बघू."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आपण दोघं इथेच बसू. काका दुकान बंद करून घरी जातील."

मला हसू आलं. झालं... तिथेच मी फसले!

पहिल्या रविवारी वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून गिटारचं ऑपरेशन झालं. स्क्रू वाटीत, तारा गुंडाळून बाजूला. आतल्या खोबणीत त्यानं तांब्याची पातळ पट्टी चिकटवली, जुने लोंबणारे जोड उकलून नवे दिले. वायर लावली... आणि शांतता! भुणभुण गेली. आम्ही दोघं श्वास रोखून ती शांतताच ऐकत राहिलो.

"एवढं जवळून काय ऐकताय?" वहिनी चहा ठेवत म्हणाली. आम्ही दोघं ताडकन मागे सरकलो.

पडद्यांची टोकं मात्र मी घासली. चष्म्याच्या फ्रेमची कड गुळगुळीत करायचं काम माझ्या हातातलं, कानस आणि पॉलिशचं फडकं माझंच. मी मान खाली घालून घासत होते, आणि तो हातातला स्क्रू तसाच धरून बसला होता.

"काय बघताय?"

"काही नाही... काम."

"काम इकडे आहे. तुम्ही तोंडाकडे बघताय."

"नंबर वाढला असेल," तो गंभीरपणे म्हणाला. "तपासून द्याल?"

पुढच्या रविवारी नव्या खुंट्या आल्या. मग भक्कम घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती. मग त्याच्या मित्राकडून मिळालेले जुन्या धाटणीचे पिकअप, तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारे चुंबक. तारांवरून मात्र आमचं जोरदार वाजलं. मला खणखणीत हव्या होत्या, त्याला गुळगुळीत.

"जुन्या वळणाच्या बाईला कर्कश दागिने घालू नयेत," तो म्हणाला.

"बायकांच्या दागिन्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

"काहीच नाही. शिकायची तयारी आहे."

मी गाल लपवायला मान वळवली आणि म्हणाले, "लावा तुमच्या, एकदाच!" लावल्या. पहिला सूर वाजवला, आणि तो कानात आलाच नाही... छातीत आला. थंडीत कुणी पाठीवर ऊबदार तळवा ठेवावा तसा. मी वाजवतच राहिले. तो डोळे मिटून ऐकत होता.

त्यानंतर स्पर्धा जवळ येऊ लागली तशी मी रात्री उठून गिटार पुसत बसू लागले. वहिनीला वाटायचं स्पर्धेची भीती. स्पर्धेची होतीच... पण 'नंतर बघू'मधल्या त्या 'नंतर'ची जास्त होती. गिटार पूर्ण झाली होती. आता रविवारी कुणाला का यायचं होतं?

स्पर्धेच्या दुपारी सभागृहामागच्या खोलीत उस्ताद भेटला. अंगावर कोट, खांद्यावर महागडी गिटार. त्यानं माझ्या गिटारकडे बघितलं आणि फस्सकन हसला. "स्वस्तातली नक्कल? अगं, खेळणं घेऊन स्टेजवर चढतात का?"

मी तोंड उघडणार तोच शेजारी ॲम्प्लिफायर उचलून उभा असलेला 'लिफ्टवाला' म्हणाला, "दहा मिनिटांनी समोरून ऐका. मागून कळत नाही."

आमचं नाव पुकारलं. धडामनं काड्या आपटल्या, वहिनीनं डोळे मिटले, आणि मी बोट तारेवर ठेवलं. पहिल्या कडव्यात मी फक्त तारांकडे बघत होते. दुसऱ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी पायानं ठेका धरताना दिसल्या. तिसऱ्यात मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या! गाण्याच्या मध्ये वहिनी थांबली, धडाम थांबली, आणि फक्त मी उरले, मी आणि त्या चार तारा. अख्खं सभागृह माझ्या बोटांच्या तालावर टाळ्या देत होतं. मला वाटलं, छप्पर तेवढं उडायचं बाकी आहे.

निकालाला परीक्षकांनी फार वेळ लावला नाही. पहिला नंबर आमचा! वहिनी रडली, धडाम किंचाळली, प्रेक्षकांतून माझ्या दादानं शिट्टी मारली. आणि उस्ताद... तो आला, घुटमळला, म्हणाला, "आवाज चांगला काढलास. कुठून आणलीस ही?"

"आणली नाही," मी म्हणाले. "घडवली."

तेवढ्यात गर्दीतून दुकानदारकाका आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून त्याच्यावरच कडाडले, "आणि तू रे? दुसरी गिटार आली म्हणून दोनदा निरोप दिला तुला. नको म्हणे! शेवटी काल दुसऱ्याला देऊन टाकली. आधी भांडतात, मग नको म्हणतात..."

काका पुटपुटत निघून गेले. मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. कान लालबुंद.

"का नाही घेतली?"

"दुसरी घेतली असती तर... रविवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

"आता तर हिचंही काम संपलंय."

"तुमच्या स्वयंपाकघरातला पंखा आवाज करतो. बेल अडकते. इस्त्रीची वायर..." तो घाईघाईनं म्हणाला. "मी बघून ठेवलंय सगळं."

"स्पष्ट बोला ना!"

त्यानं मान वर केली.

"मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी नाही हं, पहिल्या दिवशी राग आला होता. पण त्या रविवारी तुम्ही कानस चालवत होतात... जिभेचं टोक बाहेर काढून, लहान मुलासारखं... तेव्हापासून. मला दुसरं काही सुचतच नाही."

माझ्या छातीत धडामपेक्षा मोठ्यानं काहीतरी वाजत होतं.

"मला वाटलं होतं," मी म्हणाले, "तू कधी बोलणारच नाहीस."

'तू' कधी तोंडातून निसटलं, मला कळलंच नाही. त्याला कळलं. तो असा हसला की...

"अगं ए!" स्टेजवरून वहिनीनं माइकमधूनच हाक मारली. "लोक आणखी एक गाणं मागतायत! तुमचं आटोपलं असेल तर या!"

सगळं सभागृह हसलं. मी त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच पायऱ्यांवर नेलं, अगदी पडद्याच्या कडेला उभं केलं, मला दिसेल असं. गिटार गळ्यात घातली. धडामनं दणका दिला, वहिनीनं सूर उचलला, आणि मी वाजवायला लागले, जोरात, बिनधास्त, आयुष्यात कधी नव्हतं इतकं मोकळं.

त्याच्याकडे बघता बघता माझा एक सूर चुकला. सभागृहात कुणालाच कळलं नाही.

त्याला कळलं. त्यानं बोट उगारून मला खोटं खोटं दटावलं... आणि मी पुढचा सूर त्याच्याकडे बघतच वाजवला. अचूक.