अक्कांनी लावलेल्या पाळ्या

मृत्यू माणसाला एकटं करतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी एकही जण बेंगळुरूच्या जयनगरात, मराठ्यांच्या घरात मेलेला नसावा. इथं माणूस गेला की तासाभरात दाराशी साठ चपला जमतात.

ही घटना मात्र खरी आहे. गेल्या मार्चमधली. विश्वासरावांनी स्वतः सांगितलेली, आणि त्यांना कल्पनाशक्ती नाही. छत्तीस वर्षं ते सरकारी खात्यात होते.

त्यांच्या पत्नी सकवारबाई मंगळवारी गेल्या.

त्यांच्यात सुतकाच्या घरी दहा दिवस चूल पेटत नाही. जेवण भाऊबंदांकडून येतं. कोणत्या घरानं कधी काय पाठवायचं, ह्या पाळ्या तीस वर्षं सकवारबाईच फोनवरून लावत. सगळे त्यांना अक्का म्हणत, आणि निमूट ऐकत.

बुधवारी दुपारचा एक वाजला. घरात तीस माणसं रडत होती.

डबा एकही नव्हता.

प्रत्येक घर अक्कांच्या फोनची वाट पाहत होतं. सवयच तशी होती. शेवटी सून सुप्रीतानं कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून इडल्या आणल्या.

गुरुवारी मात्र ठीक बाराला भाऊबंदांतल्या चंदनाकडून डबा आला. शुक्रवारी दुसऱ्या घरचे हणमंतराव पिठलं-भाकरी घेऊन आले. मीठ बेतानं... विश्वासरावांना चालतं तेवढंच.

पाळ्या कुणी लावल्या, असं विश्वासरावांनी विचारलं.

"अक्कांचा फोन आला ना, अण्णा. काल सकाळी अकराला."

मग हणमंतरावांना आपण काय बोललो ते कळलं... आणि त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

अक्कांचा फोन कपाटात होता. मंगळवारपासून बंद.

चौकशी केली. आठ घरांत फोन आला होता. तोच आवाज, तीच घाई. आता आठवून प्रत्येकाच्या अंगावर काटा आला. पण डबा कुणी चुकवला नव्हता.

विश्वासराव घाबरले नाहीत. त्यांना लागलं.

"सगळ्यांना केला. मला नाही," ते सुप्रीताला म्हणाले.

सोमवारी रात्री अक्कांनी अंथरुणावरून विचारलं होतं, गॅस बंद केला का? त्यांनी पेपरातून मान वर केली नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारातलं ते शेवटचं बोलणं. अर्धंच राहिलेलं.

ते रोज अकराला कपाटासमोर खुर्ची टाकून बसू लागले.

काही नाही...

दहाव्याचे विधी आटोपले. उद्यापासून चूल पेटणार होती. माणसं उठली, चपला गेल्या. दुपारी घर पहिल्यांदाच रिकामं झालं.

आणि कपाटात फोन वाजला.

त्यांनी तो काढला. पडदा काळाच होता... तरी वाजत होता.

कानाला लावला. आधी श्वास. मग बांगड्यांची किणकिण...

"सकवार, गॅस बंद केला होता मी," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं."



मग स्वयंपाकघरात गॅसची कळ फिरल्याचा आवाज आला... कुणीतरी खात्री करून घेत असल्यासारखा.

तिथं कुणीच नव्हतं.

विश्वासराव अजूनही दिवसाउजेडीसुद्धा स्वयंपाकघरात एकटे जात नाहीत. तो कपाटातला फोन कुणाला हलवू देत नाहीत. फोनवर अक्का पुढे काय बोलल्या, हे मात्र विचारलं की सांगतात.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता डबे साचलेत तेवढे घासून पोचवा. हणमंतरावांचा झाकणासकट."