पंचविसाव्या फेरीनंतर

बातमी संध्याकाळी सहाच्या एसटीने सांगलीला निघाली पाहिजे, एवढी एकच अट संपादकांनी घातली होती. कडेगावहून सुटणाऱ्या त्या गाडीचा कंडक्टर लखोटा घ्यायचा, सांगली स्टँडवर आमचा शिपाई तो उतरवून घ्यायचा. एसटी चुकली की बातमीही चुकली. म्हणून १९७४ च्या मार्चमधल्या त्या शेवटच्या रविवारी मी दुपारी दोनलाच शर्यतीच्या माळावर पोचलो आणि संयोजकांच्या टेबलाशी बसून वरच्या चार ओळी आधीच लिहून ठेवल्या. विजेत्याच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडली.

मोटारसायकलींच्या त्या हंगामातली ही तिसरी आणि शेवटची शर्यत. साताऱ्याची मानसिंगने जिंकली होती, मलकापूरची हंबीररावने. दोघांचे गुण सारखे. आज जो पुढे, तो अजिंक्य. अजिंक्यवीराला पुण्याच्या एका कारखान्यात गाड्या चालवून तपासण्याची नोकरी मिळणार होती. मानसिंगला तिची गरज नव्हती. घरचा ऊस पन्नास एकर. हंबीरराव लष्करात निरोप पोचवणारा मोटारसायकलस्वार होता. एकाहत्तरच्या लढाईत गुडघा गेला आणि त्याला घरी पाठवलं. नोकरीला वयाची अट पस्तीस, आणि त्याला जूनमध्ये पस्तिसावं संपत होतं.

फेरी दोन किलोमीटरची, अशा पंचवीस. अर्धी माळावरून, आमच्या डोळ्यांसमोर. उरलेली अर्धी उभ्या उसातल्या बैलगाडीच्या वाटेने, न दिसणारी. उसाच्या पलीकडच्या टोकाला विहिरीपाशी वळण होतं. तिथे निवृत्त हवालदार सयाजी लांब बांबूला लाल फडकं बांधून उभा असे. एक गाडी वळली की फडकं एकदा उसाच्या वर यायचं. म्हणजे आत कुणी पडलेलं नाही, हे आम्हाला कळायचं. माझ्याकडे स्टॉपवॉच होतं, म्हणून वेळ नोंदवायचं आणि शेवटचं निशाण हलवायचं काम माझ्याकडे आलं.

आणखी एक रीत इथे सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी संयोजकांनी फेऱ्या चुकीच्या मोजल्या आणि एका स्वाराला एक फेरी आधीच थांबवलं. तेव्हापासून कुणीही संयोजकांच्या निशाणावर थांबत नसे. प्रत्येकाच्या घरचं माणूस दोरीपाशी उभं राहायचं, हातात ‘थांब’ लिहिलेली पत्र्याची पाटी. ती दिसली तरच गाडी थांबायची.

हंबीररावची पाटी त्याच्या बायकोकडे, अंजनाकडे होती.

“काय हंबीर,” मानसिंग ओरडला, “फटफटी आणलीस का म्हस?”

“म्हसच हाय. पर दूध देती, गड्या. तुझी घोडी नुसती वरातीची.”

लोक हसले. हंबीररावही हसला, पण टेबलापाशी येऊन अंजनाशी बोलताना त्याचा आवाज वेगळा होता.

“मी म्होरं असलो तरच पाटी दावायची. मागं असलो तर न्हाई.”

“आन मग थांबणार कवा?”

“म्होरं गेल्यावर.”

“यडं का खुळं तुमी!”

“माझ्या गळ्याची आण घे.”

तिने हसत त्याच्या गळ्याला हात लावला.

साडेतीनला सात गाड्या सुटल्या. विसाव्या फेरीपर्यंत पाच बंद पडल्या किंवा घसरल्या. उरले हे दोघे. मानसिंग आठ सेकंद पुढे, मग दहा. दर फेरीला फडकं दोनदा वर यायचं, थोड्या अंतराने. शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालतात, त्या जळक्या तेलाचा वास माळभर पसरला होता.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी मानसिंगने पंचविसावी फेरी पूर्ण केली. त्याच्या भावाने पाटी दाखवली, तो थांबला. अकरा सेकंदांनी हंबीरराव आला. मी निशाण हलवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अंजनाकडे पाहत होता. तिने पाटी पोटाशी घट्ट धरली होती, अक्षरं आत.

वेग कमी न करता तो पुढे गेला आणि उसात शिरला.

“आवं, संपलं म्हणून सांगा की त्याला कुणीतरी!” एकजण म्हणाला. पुन्हा हशा झाला.

फडकं वर आलं. म्हणजे तो वळला होता. आम्ही उसाच्या तोंडाकडे पाहत राहिलो. दोन मिनिटं गेली, तीन गेली. तो बाहेर आला नाही.

फडकं पुन्हा वर आलं.

सवयीने मी घड्याळ दाबलं. पुढच्या वेळी फडकं आलं तेव्हा दोन मिनिटं नऊ सेकंद झाली होती. बरोबर एका फेरीची वेळ. त्यापुढची दोन मिनिटं सहा सेकंद. मग दोन मिनिटं दोन सेकंद. माळ मोकळा होता. समोरून एकही गाडी गेली नव्हती.

चार माणसं दोन्ही बाजूंनी उसात गेली आणि विहिरीपाशी एकमेकांना भेटली. मध्ये काही नव्हतं. मग मी गेलो.

सयाजी वळणावर ताठ उभा होता. दुसऱ्या हातातल्या कागदावर पाच-पाचच्या जुड्या करून रेघा ओढलेल्या होत्या.

“किती झाल्या, हवालदार?”

“बत्तीस.”

“शर्यत पंचवीसची होती.”

“मला ठाव हाय सायेब. जेवढ्या बघतोय तेवढ्या लिवतोय.”

“तो दिसतो तुम्हाला?”

“दिसतोय की. वळताना मान वर करत न्हाई, एवढंच.” त्याने वाटेकडे मान वळवली. “आला.”

त्याने बांबू उचलला. मला काही दिसलं नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंची उसाची पानं एका दिशेला झुकली आणि सावकाश सरळ झाली. वारा नव्हता. एरंडेलाचा वास इतका जवळून आला की मी मागे सरलो. चष्मा काढून पाहिला. काचांवर धुळीचा थर होता.

विहिरीत गळ टाकून झाले. पाण्यात फक्त शेवाळ होतं.

पावणेसहाला मी टेबलापाशी बातमी पुरी केली. विजेता मानसिंग. हंबीरराव बेपत्ता, शोध चालू. अंजना समोर येऊन उभी राहिली. पदर, केस, भुवया, सगळं धुळीने माखलेलं.

“दादा, मी वाटंत मधोमध हुबी ऱ्हायले. पाटी दावली. थांबंना.”

“तुम्हाला दिसला?”

“माझ्या अंगावरनं गेला.” तिने पदराने पाटीवरची धूळ पुसली. “म्होरं गेल्याबिगर थांबायचा न्हाई त्यो. त्यो जिंकला असं छापा. तुमचं छापलेलं समदी मानत्यात. त्यो बी मानंल.”

“वहिनी, खोटं छापता येत नाही.”

एसटीचा हॉर्न वाजला. मी लखोटा कंडक्टरच्या हातात दिला.

बारा एप्रिलला तो ऊस तुटला. रान मोकळं झालं, आत ना गाडी ना माणूस. पोलिसांनी फरार म्हणून कागद बंद केला. मी पट्टी घेऊन गेलो. माळावर सात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या तीन इंच खोल होत्या. उसातल्या वाटेवर एकच चाकोरी होती, हाताच्या पंजाएवढी रुंद, अठरा इंच खोल. कडा ताज्या. मी पाहत असताना एक ढेकूळ सुटून आत पडलं.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा मोजली. सव्वीस इंच. अंजना रोज सकाळी चाकोरीच्या काठावर पाटी धरून उभी असायची. हात दुखले की पाटी डोक्यावर घ्यायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बत्तीस इंच भरली. त्या दिवशी मी मानसिंगकडे गेलो. मी काय करणार आहे ते सांगितलं.

“छापा,” तो म्हणाला. “तो कप बी न्या. मला झोप न्हाई सायेब.”

संपादकांना मी सांगितलं की वेळ नोंदवताना माझी चूक झाली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. तिसऱ्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. हंबीरराव विजयी. त्यानंतर शर्यतींचं वार्तांकन माझ्याकडून काढून घेण्यात आलं. ते योग्यच होतं.

अंक घेऊन मी पहिल्या गाडीने गेलो. अंजनाने चाकोरीच्या काठावर उभं राहून त्या चार ओळी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचल्या. मग तिने पाटी दाखवली. काही ऐकू आलं नाही. काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजलं, बत्तीस इंच. तिसऱ्या दिवशी बत्तीस. चौथ्या दिवशीही बत्तीस. चाकोरीच्या तळाशी मुंग्यांनी वारूळ बांधायला घेतलं होतं. मी वहीत लिहिलं: ‘थांबला’.

आठव्या दिवशी गेलो तेव्हा अंजना रानात नव्हती. तिचं घर गावाबाहेर, एकटं. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. केस विंचरलेले, कपाळाला मोठं कुंकू.

“आला,” ती म्हणाली. “या की दादा. जरा पाय उचलून या.”

मी खाली पाहिलं. अंगण शेणाने सारवलेलं होतं, सारवण अजून ओलं होतं. त्यात पंजाएवढ्या रुंदीची एक चाकोरी घराच्या कोपऱ्यावरून येऊन दारासमोरून गेली होती आणि पलीकडच्या कोपऱ्यावर वळली होती. मी तिच्या कडेने चालत घराला वळसा घातला आणि पुन्हा दारासमोर आलो. ती कुठेच तुटली नव्हती.

“सकाळीच सारवलं व्हतं,” ती म्हणाली.

“थांबला का पण, वहिनी?”

“घरी आला न्हवं?” तिने सूप बाजूला ठेवलं. “बसा. च्या ठेवते.”

पट्टी आणली नव्हती. ती आत गेल्यावर मी वाकून चाकोरीत बोट घातलं. दोन पेरं.

चहा पिऊन निघताना पुन्हा घातलं. तीन.