बत्तीस ठिपक्यांतली ताई

भावाचा कॉम्प्युटर वाचनालयाला द्यायचं ठरलं, तेव्हा त्यातलं त्याचं काय काय आहे ते काढून घ्यायला ताई थंडीतल्या एका भरदुपारी त्याच्या खोलीवर गेली. भावाला जाऊन महिना झाला होता. तिने आत येऊन दार लावलं. कोंदट वास होता आणि खिडकीच्या काचेवर एक माशी आपटत होती.

भाऊ छापखान्यात कामाला. घरी आला की एकच वेड, पडद्यावरचे ते इवलेसे आयकॉन स्वतः काढायचे. बत्तीस ठिपके आडवे, बत्तीस उभे. एकेक ठिपका माउसची टिचकी मारून भरायचा. दुसऱ्या हौशी लोकांनी काढलेलेही तो पोस्टाच्या तिकिटांसारखे जमवायचा.

"ताई, पाच मिनिटं बस ना समोर. तुझा आयकॉन काढतो."

"मेल्या, मला शिवणातून मान वर करायला उसंत आहे का? नंतर बघू."

ते 'नंतर' अकरा वर्षं चाललं.

तिने कॉम्प्युटर सुरू केला. फोल्डरच फोल्डर. आईचा चष्मा, बाबांची छत्री, गळकी किटली... सगळं हुबेहूब. एका चित्राखाली 'ताई' लिहिलं होतं. चित्रात नुसती रिकामी खुर्ची.

पदर नाही, रुमाल नाही, तिने स्वेटरच्या बाहीनेच डोळे टिपले.

"बसले रे बाबा," ती पुटपुटली. "काढ आता..."

टिक.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

टिक... टिक...

रिकाम्या खुर्चीवर एक करडा ठिपका उमटला. केस. मग कपाळ. मग तिने आज घातलेल्या स्वेटरचा निळा रंग. अंगावर सर्रकन काटा आला, पळत सुटावंसं वाटलं. पण जिवंतपणी मागितलेली पाच मिनिटं आपण दिली नाहीत, आता तरी उठायचं कसं? ती हलली नाही. श्वासही जपून घेत राहिली.

"चुकलं रे माझं..."

टिकटिक थांबली.

ताई पडद्याजवळ वाकली. छान आली होती ती, अगदी बोलकी. पाठीमागे खोलीचं दार काढलं होतं, सताड उघडं. आणि दारात कुणीतरी उभं होतं, डोकं वरच्या चौकटीला टेकलेलं.

भाऊ तर जेमतेम तिच्या खांद्याला लागायचा.